तांबूल लाल कधी झाला?

ती. आत्यास,


फोनवर तू पाच मिनिटांत तीनदा 'जेवलीस का' विचारतेस आणि ठेवून देतेस. म्हणून हे पत्र. ते छापून येणार आहे, तेव्हा चार लोक वाचतील, वाचू देत. मोतीबिंदू काढल्यापासून तुला बारीक अक्षर दिसायला लागलंय, असं दादा म्हणाला. नाहीच दिसलं तर तो वाचून दाखवील. पण त्याला मधलं काही गाळू देऊ नकोस. या पत्राचा सगळा जीव मधल्याच गोष्टींत आहे.

गेल्या नवरात्रात मी माहूरला आले होते. रेणुकामातेच्या पायऱ्यांवर रेटारेटी चाललेली, तू दुकानात खलबत्ता पुढ्यात घेऊन बसलेली, आणि मी शेजारी पानांचे देठ खुडत होते. तू विचारलंस, "तू त्या पुण्यात नेमकं करतीस तरी काय गं?" मी म्हटलं, "एक मोठं यंत्र आहे. त्यात बारीक वस्तू तापवते आणि तिचं काय होतंय ते बघत बसते." तुझा बत्ता थांबला. "नुसतं बघत बसतीस? अन् त्याचा पगार देतेत?" शेजारच्या नारळवाल्यासकट सगळे हसले. मीही हसले. उत्तर मात्र दिलं नाही, कारण उत्तर लांबलचक होतं आणि गिऱ्हाईक उभं होतं. ते आता देते.

खरं म्हणजे हे काम मला तूच लावलंस. मी सहा-सात वर्षांची असेन. पान हिरवं, चुना पांढरा, कात तपकिरी. तिन्हींत लाल काहीच नाही. सगळं खलात घालून तू म्हणायचीस, "डोळे लावून बस. लाल कधी झाला ते नेमकं सांग, मग बत्तासा." मी बसायचे. तेवढ्यात माकड कुणाचा तरी नारळ पळवायचं, नाहीतर खालून 'उदो उदो' उठायचं, आणि माझी मान वळायची. परत पाहावं तर तांबूल लाल. "आत्ता झाला!" मी ओरडायचे. "आत्ता न्हाई, कवाच झाला," तू म्हणायचीस. बत्तासा मिळायचा, पण हरल्याचा.

चुन्याचंही तसंच. कळीचा चुना मडक्यात टाकून तू वरून पाणी ओतायचीस आणि मला हाताला धरून लांब बसवायचीस. आधी काहीच नाही. मग एक बारीक चर्र, मग खडा तडकायचा, वाफ उठायची, मडकं हात लावू देईना इतकं तापायचं. मला वाटायचं, झालं. तू म्हणायचीस, "आवाज बसू दे. पोटात अजून चाललंय त्याच्या." बाहेरून शांत दिसणाऱ्या खड्याच्या पोटात काहीतरी चाललेलं असतं, ही गोष्ट मला पुस्तकाच्या फार आधी त्या मडक्याने शिकवली.

पुढे मी नांदेडला, विष्णुपुरीच्या आपल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात एम.एस्सी. करत होते, तेव्हाची गोष्ट. आम्ही धातूंचे बारीक कण बनवायचो आणि भट्टीत तापवायचो. ते कण साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसत नाहीत. का, ते सांगते. उजेड म्हणजे लाट आहे, आणि लाटेहून फार लहान वस्तू लाटेच्या हाती लागत नाही. नदीच्या पाण्यात बोटभर काडी रोवली तर मोठी लाट तिला न जुमानता पुढे जाते, तसं. उजेडाची मजल मिलिमीटरच्या पाच हजाराव्या भागाशी संपते. त्याहून बारीक पाहायचं तर बारीक लाट हवी. इलेक्ट्रॉन हा विजेचा कणही लाटेसारखा वागतो, हे 1920च्या दशकात कळलं, आणि वेगाने धावणाऱ्या इलेक्ट्रॉनची लाट उजेडाच्या लाटेच्या लाखाव्या भागाहून छोटी असते. बर्लिनमध्ये एर्न्स्ट रुस्का आणि माक्स क्नोल यांनी 1931 साली काचेच्या भिंगांऐवजी चुंबकांची भिंगं लावून पहिला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक जुळवला. रुस्काला त्याचं नोबेल मिळालं 1986 साली. पंचावन्न वर्षं! म्हातारा तुझ्याच वळणाचा असणार, घाई नाही.

असं यंत्र तेव्हा आमच्या हाताशी नव्हतं. मग नमुने इवल्या कुप्यांत भरायचे, चिठ्ठ्या चिकटवायच्या आणि मुंबईला आयआयटीत पाठवायचे. तिथे देशभरातल्या मुलांचे नमुने तपासून देतात. काही दिवसांनी फोटो यायचे. एक तापवण्याआधीचा, एक तापवल्यानंतरचा. आधीच्या फोटोत मोहरीसारखे सारखे कण, नंतरच्यात थोडे, पण चांगले वाटाण्याएवढे. बारीक कण गेले कुठे? मी गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, दोन शक्यता आहेत. एक, कण पृष्ठभागावर चालत गेले आणि एकमेकांना भेटून एक झाले. पत्रावळीवर पाण्याचे थेंब घरंगळत येऊन मिळतात तसे. दुसरी, कण जागचे हललेच नाहीत. बारक्या कणांतले अणू एकेक करून सुटले आणि थोरल्यांना जाऊन मिळाले. बारके विरत गेले, थोरले फुगत गेले. "यातलं खरं काय?" गुरुजी म्हणाले, "दोन्ही रस्त्यांनी शेवटचा फोटो जवळपास सारखाच येतो."

आत्या, त्या दिवशी मला तुझा खल आठवला. माझ्या हातात हिरवं पान होतं आणि लाल तांबूल होता. मान वळली तेवढ्यात मधलं निघून गेलं होतं.

तुला वाटेल, कण विरले काय अन् चालले काय, कुणाचं काय अडलं? अडतं. आपल्या कापसाला घालायचा युरिया ज्या अमोनियापासून होतो, तो लोखंडाच्या बारीक कणांवर घडतो. तुझ्या शंकरपाळ्यांचं वनस्पती तूप निकेलच्या कणांच्या मदतीने घट्ट होतं. मोटारीच्या धुराड्यात प्लॅटिनमसारख्या महाग धातूंचे कण विषारी वायूंची धार मोडतात. या सगळ्यांना उत्प्रेरक म्हणतात: दुसऱ्यांची क्रिया उरकून देतात आणि स्वतः शिल्लक राहतात. कण जितके बारीक तितकं काम जास्त. ते एकमेकांना गिळून थोराड झाले की उत्प्रेरक म्हातारा होतो. त्याचं म्हातारपण लांबवायचं तर तो कोणत्या वाटेने म्हातारा होतो ते आधी कळायला हवं. चालणाऱ्याला खुंट्याला बांधावं लागतं. विरणाऱ्याचा उपाय वेगळा.

मग पाहत का नाहीत? कारण यंत्राचीच आडकाठी आहे. इलेक्ट्रॉन हवेत टिकत नाही. हवेच्या रेणूंना धडकून भरकटतो. म्हणून यंत्राच्या पोटातली सगळी हवा उपसून काढतात. पण हे उत्प्रेरक तर हवेत, वायूत, तापलेले असताना काम करतात. निर्वात पोकळीत ठेवलेला उत्प्रेरक म्हणजे उपसलेल्या विहिरीतला मासा. त्याचं पोहणं कसं पाहणार?

या अडचणीला भिडलेल्या एका बाईंबद्दल सांगते. प्रतिभा गाई. जन्म 1948, आपल्या पुण्यातला. लहानपणापासून मेरी क्युरीचं वेड. पुढे केंब्रिजला गेल्या, आणि कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत आर्ची हॉवी यांच्या हाताखाली 1974 साली डॉक्टरेट घेतली. त्या प्रयोगशाळेला 'घडताना पाहण्याची' परंपराच होती. धातू वाकतो तेव्हा त्यातले अणूंचे थर एकदम सरकत नाहीत; जाजमाला पडलेली सुरकुती हाताने पुढे ढकलावी, तसा एक दोष थरांमधून सरकत जातो, असं 1934 पासून शास्त्रज्ञ म्हणत होते. कुणी पाहिलं नव्हतं. 1956 साली तिथे पीटर हर्श आणि त्यांच्या सोबत्यांनी ॲल्युमिनियमच्या पातळ पापुद्र्यात त्या सुरकुत्या सरकताना डोळ्यांनी पाहिल्या. बावीस वर्षांचा तर्क पडद्यावर चालू लागला.

गाई यांनी त्याच्या पुढचं मनात घेतलं: वायूत, तापलेल्या अवस्थेत, आणि तेही अणू-अणू ओळखू येईल इतकं स्पष्ट. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डला, मग अमेरिकेत ड्युपॉण्ट कंपनीत, मग परत इंग्लंडमध्ये यॉर्क विद्यापीठात असं हे काम दोन दशकं चाललं. त्यांचे पती एडवर्ड बॉइज हेही यात बरोबरीने होते. युक्ती ऐक, तुला चटकन कळेल. आपल्या गडाला एकामागे एक दरवाजे आहेत ना? पहिल्यातून शत्रू घुसला तर दुसऱ्यात अडवायचा. त्यांनी नमुन्याभोवती थोडासा वायू सोडला, आपल्याभोवतीच्या हवेच्या शंभराव्या भागाहूनही विरळ. मग वर-खाली इवलाली भोकं ठेवली, इलेक्ट्रॉनचा झोत जाईल एवढीच. भोकातून वायू निसटला की पुढच्या दालनात पंप त्याला ओढून घेतो. तिथून निसटला की त्याच्या पुढचा. शेवटच्या दरवाजापाशी, जिथे झोत जन्मतो, तिथे वायू पोचतच नाही. नमुना वायूत, झोत निर्वातात, आणि दोघांची गाठ मधोमध.

या यंत्राने काय दाखवलं? रासायनिक कारखान्यात ब्युटेन वायूपासून उपयोगी रसायन करायला व्हॅनेडियमचा एक उत्प्रेरक वापरतात. तो काम करताना स्वतःतला ऑक्सिजन देऊन टाकतो. इतका ऑक्सिजन गेल्यावर त्याचा सांगाडा ढासळत कसा नाही? 1995 साली 'सायन्स' या नियतकालिकात गाई यांनी सहकाऱ्यासह दाखवलं, की पृष्ठभागाजवळचे थर किंचित घसरून रिकाम्या जागांशी जुळवून घेतात, आणि त्यामुळे मूळ घडण शाबूत राहते. भिंतीतून विटा काढत राहावं आणि भिंतीने अंग चोरून उभं राहावं, तसं. आधीचा-नंतरचा फोटो ठेवला असता तर भिंत उभी आहे, एवढंच कळलं असतं.

या कामासाठी त्यांना 2013 साली लॉरिआल-युनेस्कोचा स्त्री-शास्त्रज्ञांचा पुरस्कार मिळाला, 2016 साली त्या रॉयल सोसायटीच्या सभासद झाल्या, आणि 2018 साली इंग्लंडने त्यांना 'डेम' हा किताब दिला. पण मला त्यांची आवडलेली गोष्ट वेगळीच. त्या यंत्राचं पेटंट त्यांनी घेतलं नाही. दुसऱ्यांनाही बघता यावं म्हणून. तुझ्या दुकानावर कुणी बाईने तांबुलात काय काय घालतेस विचारलं की तू मापासकट सांगून टाकतेस आणि दादा कपाळाला हात लावतो. तसंच हे.

आता माझ्या वाटाण्यांचं काय झालं ते. 2010 साली डेन्मार्कमधल्या संशोधकांनी प्लॅटिनमचे कण अशा यंत्रात विरळ हवेत 650 अंशांपर्यंत तापवले आणि पाहत बसले. कण चालले नाहीत. जागच्या जागी बारके आणखी बारीक होत गेले आणि एका चित्रात होते ते पुढच्यात नव्हते. थोरले गुपचूप वाढले. तिथे तरी दुसरी वाट खरी निघाली. प्रत्येक धातूचं, प्रत्येक वायूत असंच होईल असं नाही. म्हणून प्रत्येकाजवळ बसावं लागतं.

कधी कधी डोळ्यांसमोर येतं ते कुणाच्या स्वप्नातही नसतं. 2004 साली, पुन्हा डेन्मार्कमध्येच, निकेलच्या कणावर कार्बनचा धागा कसा वाढतो ते चित्रित केलं. सगळ्यांना वाटायचं निकेलचा कण घट्ट, गोल, निमूट बसलेला. प्रत्यक्षात तो कार्बनच्या नळीत शिरून लांब होतो, होतो, आणि एकदम आखडून परत गोल होतो. पुन्हा लांब, पुन्हा गोल. घन धातू, वितळलेलाही नाही, आणि गोगलगायीसारखा अंग ताणून आवरतो. ते चित्रण मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि मला कुणाला तरी उठवून दाखवायचं होतं. तू जवळ असतीस तर तुलाच उठवलं असतं.

आता माझी फजिती. तुझा चुना मी एकदा यंत्रात घातला.

घरून येताना डबीत आणला होता. चिमूटभर सुकवला, अल्कोहोलात हलवला आणि त्याचा एक थेंब तांब्याच्या गोल जाळीवर ठेवला. जाळी केवढी, तर तीन मिलिमीटरची, चमकीच्या टिकलीएवढी. पडद्यावर चुन्याच्या सहा कोनांच्या सुबक चकत्या दिसल्या. जवळून पाहावं म्हणून मी झोत वाढवला. बघता बघता चकतीच्या अंगावर बारीक बारीक छिद्रं पडायला लागली, कडा खरबरीत झाल्या, आणि सलग चकतीच्या जागी असंख्य इवल्या स्फटिकांचा चुरा दिसू लागला. मी हरखले. बदल! डोळ्यांदेखत! घडणीचा ठसा तपासला तेव्हा उमगलं: चुन्यात मुरलेलं पाणी उडून गेलं होतं. तू मडक्यात विरवलेला चुना माझ्या यंत्राने परत कळीचा करून ठेवला होता. आणि करणारी मी होते. मी पाहिलं नसतं तर त्याला काहीच झालं नसतं.

आमच्या कामातली सगळ्यात अवघड गोष्ट हीच आहे, आत्या. मोठं यंत्र नव्हे, निर्वात पोकळी नव्हे. आपण पाहतोय म्हणून हे होतंय, की हे होतंच होतं आणि आपण फक्त पाहिलं? केंब्रिजच्या त्या 1956च्या सुरकुत्याही झोताचा जोर वाढवल्यावरच पळायला लागल्या होत्या. पाण्यातल्या क्रिया पाहायच्या असतील तर दोन पातळ खिडक्यांमध्ये पाण्याचा पापुद्रा कोंडतात. 2003 साली फ्रान्सिस रॉस आणि सहकाऱ्यांनी तसं तांबं द्रावणातून पत्र्यावर चढताना पाहिलं. पण तिथेही झोत जास्त झाला की पाणीच फुटतं आणि बुडबुडे धरतं. म्हणून आता आम्ही हात आखडता घेतो. झोत मंद ठेवायचा, इलेक्ट्रॉन मोजून-मापून सोडायचे, चित्र धूसर आलं तरी चालेल. आणि दर वेळी एक पडताळा: झोत बंद करून तेवढाच वेळ, तेवढ्याच तापात थांबायचं, आणि मग शेजारची कधीच न पाहिलेली जागा उघडून पाहायची. तिथेही तोच बदल झालेला असला तर तो खरा. नसला तर तो माझ्या डोळ्यांचा.

तू चुना विरत असताना काडीसुद्धा घालू द्यायची नाहीस. "ढवळू नको, त्याचं त्याला होऊ दे," म्हणायचीस. मला तेव्हा तो नुसता दटावा वाटायचा.

बाकी कामाचे तास कसे जातात म्हणशील, तर तुझ्यासारखेच, बसून. नमुना तापवला की तो सरकतो. आपल्याला हवा तो कण पडद्याबाहेर जातो आणि मी त्याच्या मागे मागे. रस्त्यावरून ट्रक गेला तरी चित्र थरथरतं, म्हणून नाजूक कामं रात्री. कॅमेरा सेकंदाला शेकडो चित्रं टिपतो, पण तीन-तीन तास काही घडतच नाही. मग घडतं ते एका सेकंदात, आणि नेमकी तेव्हाच मी चहा ओतत असते. पूर्वीसारखंच. फरक एवढाच, की आता चित्रण मागे नेऊन पाहता येतं. नारळ पळवणारी माकडं मात्र इथे नाहीत, ते मला चुकल्यासारखं वाटतं.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर. हो, नुसतं बघत बसते, आणि त्याचा पगार देतात. सुरुवात सगळ्यांना दिसते आणि शेवटही. बी दिसतं आणि कणीस दिसतं. लोखंड दिसतं आणि गंज दिसतो. मधल्या वाटेवर कुणीतरी जागं राहावं लागतं, आणि जागं राहताना हात लावायचा मोह आवरावा लागतो. दोन्ही तुझ्याकडूनच शिकले.

एक गोष्ट राहिली. तांबूल मी अजून यंत्रात घातलेला नाही, आणि घालणारही नाही. कातातला पदार्थ चुन्याच्या संगतीत हवेतला ऑक्सिजन घेतो आणि लाल होतो, एवढं मला पुस्तकातून माहीत आहे. पण पान ओलं, कोवळं. झोताखाली ते लाल होण्याआधी जळून जाईल. रंग तर या यंत्राला दिसतच नाही. त्याच्या पडद्यावर सगळं काळं-पांढरं. तेव्हा ते पाहायला खलच हवा, बत्ताच हवा आणि तूच हवीस.

दत्तजयंतीला मी येणार आहे. गर्दी असेल, मला ठाऊक आहे. तरी पहाटे, पहिली आरती व्हायच्या आधी, एक खल फक्त माझ्यासाठी कुटायचा. मी मान वळवणार नाही. माकडाने माझीच ओढणी ओढली तरी नाही. आणि या खेपेला बत्तासा जिंकल्याचा घेईन.

दादाला, वहिनीला नमस्कार, लहानग्यांना आशीर्वाद.

तुझी भाची